जॅकलीन द्यू प्रे, सतरा सीडी: आधी हात ऐका

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने काढलेला जॅकलीन द्यू प्रे या चेलोवादक बाईंच्या (चेलो म्हणजे व्हायोलिनचा मोठा भाऊ, बसून वाजवायचा) रेकॉर्डिंगचा सतरा सीडींचा संच घेण्यासारखा आहे. एवढंच, की एल्गार या इंग्रज रचनाकाराच्या गाजलेल्या कॉन्चेर्टोपासून (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या वाद्याने वाजवायची मोठी रचना) सुरुवात करू नका आणि रुमाल जवळ घेऊन बसू नका.

मी ठाण्यात पाचपाखाडीला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. संगीतातली जाणकार नाही. गडकरी रंगायतनला राम मराठे स्मृती समारोह असला की जमेल त्या रात्री जाऊन बसते, इतपत कान आहे. पाश्चात्त्य संगीताशी ओळख झाली ती पेशामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या एका व्याख्यानात पडद्यावर या बाईंचा फोटो आला आणि वक्त्यांनी तिचं सगळं आयुष्य एका दमात उरकलं: थोर कलाकार, अठ्ठाविसाव्या वर्षी निदान, बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. पुढची स्लाइड. आमच्या क्षेत्रात ती एक 'केस' आहे. संगीतवाल्यांकडेही फारसं वेगळं नाही. तिचं नाव निघालं की सूर कापरा होतो, सिनेमासुद्धा निघाला तो घरातल्या भानगडींवर. तिने काम काय केलं, किती केलं, कसं केलं, हे कुणीच धड सांगत नव्हतं. म्हणून संच घेतला. (वाजवतानाची जॅकलीन वयाने माझ्या मुलीच्या आसपास आहे, म्हणून यापुढे एकेरीत लिहिते.)

संच जुना, वापरलेला घेतला. विक्रेत्याचं नाव सांगत नाही, कारण त्याने माल चोख दिला. घोळ कुरियरवाल्याने केला. भर जुलैत खोका गेटवर वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवून गेला. डब्याचं एक टोक फुगलं, सीडींना काही झालं नाही. आत सगळ्या सीडी पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटांत. पाकिटं तंग आहेत, सीडी ओढून काढताना बोटांचे ठसे पडणारच. पुस्तिकेतला टाइप इतका बारीक, की वाचायचा चष्मा काढून पुन्हा पुसून लावावा लागतो.

आता वाजवणार कशावर? हा प्रश्न फालतू नाही. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण ६५ हर्ट्झला बोलते. स्वयंपाकघरात ठेवतो तो छोटा ब्लूटूथ स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. खालचा स्वर न ऐकवता त्याच्या वरच्या छटाच ऐकवतो आणि चेलो सर्दी झाल्यासारखा वाटतो. माझ्याकडे यजमानांचा जुना सीडी प्लेअर आणि बऱ्यापैकी मोठे स्पीकर आहेत. ते नसतील तर चांगले हेडफोन वापरा. आमच्या रस्त्यावर रात्री साडेदहानंतर रिक्षा जरा थंडावतात, तेव्हा ऐकायचं.

डब्यातला क्रम मी सरळ बाजूला ठेवला. कागदावर रेकॉर्डिंगच्या तारखा लिहून काढल्या आणि त्या क्रमाने ऐकत गेले. माझी सगळ्यांना हीच शिफारस आहे, कारण या बाईंची जाहीर कारकीर्द मुळात बारा वर्षांची. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये पहिला मोठा कार्यक्रम, फेब्रुवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचे. बारा वर्षांत हात कसा बदलत गेला, ते तारखेप्रमाणे ऐकलं तरच कळतं.

थोडी मागची गोष्ट. जन्म २६ जानेवारी १९४५, ऑक्सफर्ड. आई पियानो वाजवणारी आणि शिकवणारी. चार-पाच वर्षांची असताना रेडिओवर चेलो ऐकला आणि हाच आवाज मला काढायचाय म्हणून हट्ट धरला. आई तिच्यासाठी छोटे छोटे तुकडे रचायची, कागदावर चित्रं काढून. दहाव्या वर्षी विल्यम प्लीथ यांच्याकडे शिक्षण सुरू झालं आणि ती आयुष्यभर त्यांनाच गुरू मानत आली, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावायला नको. अकराव्या वर्षी 'सुजिया गिफ्ट' नावाची शिष्यवृत्ती मिळाली. परीक्षकांचे प्रमुख होते कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचे संचालक, जॉन बार्बिरोली. हे नाव लक्षात ठेवा. पुढे आणखी तीन थोर चेलोवादकांकडे शिकली: कासाल्स यांच्या वर्गात, पॅरिसला तोर्तेलिए यांच्याकडे, १९६६ मध्ये काही महिने मॉस्कोत रोस्त्रोपोविच यांच्याकडे. थोडक्यात, आभाळातून पडलेली प्रतिभा वगैरे नव्हती. जबरदस्त शिकवणी झालेली मुलगी होती.

सुरुवात केली बाखच्या दोन स्वीट्सनी (नाचांच्या चालींवरच्या तुकड्यांच्या मालिका), १९६२ च्या बीबीसी प्रक्षेपणातून घेतलेल्या. वय जेमतेम सतरा. साथीला कुणी नाही, फक्त चार तारा. पहिल्या स्वीटच्या सुरुवातीच्या भागात बो (तारांवर ओढायचा गज) सतत एका तारेवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर आणि परत असा फिरत राहतो. शिकाऊ माणूस हे काम मनगटाने करतो आणि तासाभराने मनगट धरून बसतो. इथे ऐकू येतं की हालचाल वरून येते आहे, खांद्याच्या पात्याकडून; कोपर आणि मनगट नुसते मागे जातात. मला हे दिसत नाही, मान्य. पण तारा बदलताना आवाजाला धक्का बसत नाही, याचा दुसरा अर्थ होत नाही. सतराव्या वर्षी हात एवढा मोकळा! दवाखान्यात मी चाळिशीतल्या लोकांना हात उचलताना खांदा कानाकडे न्यायचा नाही, हे महिनोन् महिने शिकवते.

वाजवणं म्हणून ते बाख कच्चंच आहे म्हणे. हे मत माझं नाही, अंकलचं. अंकल माझे जुने पेशंट, आता शेजारी म्हणावे इतके जवळचे. गोव्याचे, तलावपाळीच्या बाजूला राहिलेले, वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत चेलो वाजवायचे. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती हे स्वतः चेलोवाले होते, हे मला अंकलकडूनच कळलं. खांदा आखडला म्हणून आले होते, मग येतच राहिले. संच आल्यावर मी त्यांना बोलावलं. त्यांनी पाकिटं उलटीपालटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "डॉक्टर, हिच्यावर लोक मरतात. मी नाही मरत. लाव तू."

लावलं. पाच मिनिटांत तक्रार सुरू.

"एवढी सरकते कशाला ती?"

सरकणं म्हणजे डावं बोट एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली वाट ऐकू येऊ देणं. आपल्या कानाला ती मींड वाटते आणि गोड लागते. अंकलना खटकते. ते म्हणाले, "स्टुडिओत आम्ही चेलो ओळीने बसायचो. सगळे सरकले तर एकत्र सरकायचं, एकसारखं. एकाने मनाने सरकलं की टेक गेला. पुन्हा पहिल्यापासून, आणि सगळे तुझ्याकडे बघतायत." त्यांचा आवडता चेलोवादक यानोस स्टार्कर. नेमका, कोरडा, एक थेंब जास्त नाही. आमचं यावर अजून भांडण चालू आहे. माझं म्हणणं, एकटं वाजवणाऱ्याला ओळीतल्याचे नियम कशाला? त्यांचं म्हणणं, नियम सगळ्यांना असतात, एकट्याला जास्त.

हाच आक्षेप तिच्या हयातीतही घेतला जायचा. फार हलते, फार ओढते, सगळंच फार. त्यावर बार्बिरोलींचं उत्तर असं होतं की तरुणपणी सगळं जास्तच असायला हवं; नाहीतर पुढे वय वाढेल तसं छाटायचं काय? मला हे उत्तर पटतं, आणि शरीराच्या बाजूनेही पटतं. ज्याच्या हालचालीला मुळात आवाका आहे त्याला आवरायला शिकवता येतं. आखडलेल्याला मोकळं करणं कितीतरी अवघड.

१९६५ हे वर्ष या संचात सगळ्यात भरगच्च. जानेवारीत कंडक्टर मालकम सार्जंट यांच्याबरोबर डीलियसचा कॉन्चेर्टो. मला तो कंटाळवाणा वाटला, दोनदा ऐकला, दोन्ही वेळा लक्ष खिडकीबाहेर. डिसेंबरमध्ये पियानोवादक स्टीफन कोवासेविच यांच्याबरोबर बीथोव्हेनच्या दोन सोनाटा, म्हणजे चेलो आणि पियानो दोघांसाठीच्या रचना. यातली ए मेजरमधली सोनाटा मी सगळ्यांना आधी ऐकवते. ती सुरू होते तेव्हा पियानो गप्प असतो. चेलो एकटाच, खालच्या अंगाला, न दामटता एक ओळ वाजवतो आणि थांबतो. मग पियानो उत्तर देतो. ज्यांना वाटतं ही बाई नुसती ओरडून रडायची, त्यांनी ही ओळ ऐकावी. केवढी सभ्य आहे! समोरच्याला बोलू देणारी.

आणि मधे ऑगस्टमध्ये एल्गार.

यावर सविस्तर लिहायला हवं, कारण संच विकला जातो तो याच्या जोरावर. १९ ऑगस्ट १९६५, लंडनचा किंग्जवे हॉल, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि समोर तेच जॉन बार्बिरोली, ज्यांनी तिला अकराव्या वर्षी ऐकलं होतं. बार्बिरोली स्वतः मुळात चेलोवाले. या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ रोजी झाला तेव्हा ते याच ऑर्केस्ट्रात चेलोंच्या रांगेत बसून वाजवत होते. तो प्रयोग पार फसला. त्या दिवशीचं बाकीचं संगीत दुसऱ्या कंडक्टरकडे होतं, तालमीचा वेळ त्यानेच खाल्ला आणि एल्गारच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. रचना पुढे कित्येक वर्षं मागेच राहिली. तिला घराघरात नेलं ते या रेकॉर्डिंगने. त्या दिवशी जॅकलीन वीस वर्षांची होती.

वीस. आणि तब्येत ठणठणीत. आजाराची पहिली लक्षणं दिसली ती १९७१ च्या सुमाराला. म्हणजे या एल्गारमध्ये लोकांना जे 'पुढचं दुःख आधीच कळलेलं' ऐकू येतं, ते त्यांनी नंतर स्वतः आत घातलेलं आहे. व्याख्यानात तेच, लेखांत तेच, सीडीच्या पाठीवरच्या मजकुरांत तेच. मला याचा राग येतो. कारण असं ऐकलं की त्या मुलीचं कष्टाने कमावलेलं कसब तिच्याकडून काढून तिच्या आजाराच्या खात्यावर जमा होतं. ही रचना ती १९६२ पासून जाहीर कार्यक्रमांत वाजवत होती. त्या वर्षी मार्चमध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवली, त्याच वर्षी प्रॉम्स या लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवातही. रेकॉर्डिंगला बसली तेव्हा तिचा हात त्या रचनेत मुरलेला होता.

ऐकायचं कसं ते सांगते. सुरुवातीलाच चेलो एकट्याने चार जाड स्वरसमूह (कॉर्ड) टाकतो, अनेक तारांवर एकदम. चेलोची घोडी वक्र असते, त्यामुळे बो चारही तारांना एकाच वेळी टेकू शकत नाही. खालून वर असा तोडूनच वाजवावा लागतो. जोर लावला की आवाज खरवडतो. इथे आवाज प्रचंड आहे आणि एकही कण खरवडलेला नाही. म्हणजे दाब नाही, वजन आहे. हात तारेवर सोडून दिलेला आहे. या दोहोंतला फरक समजवायला मी पेशंटना टेबलावर हात टाकायला सांगते: आधी दाबा, आता नुसता ठेवा. दुसऱ्या वेळी टेबल जास्त हलतं.

मग दुसरा भाग काढा, तो घाईचा, एकेक स्वर पुन्हा पुन्हा टिपत धावणारा. याच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, कारण त्यात रडायला जागा नाही. पण बोटांच्या टोकांना काय काय कळतं, हे तिथे कळतं. एवढ्या वेगात प्रत्येक स्वर जागच्या जागी पडतो तेव्हा डोळे कामाचे नसतात, बघायला वेळच नसतो. बोट कुठे आहे हे बोटालाच माहीत असावं लागतं. हे लिहून ठेवते, पुढे लागेल.

एल्गारनंतर माणूस थकतो, म्हणून मी हायडन लावला. सी मेजरमधला कॉन्चेर्टो, एप्रिल १९६७, पियानोवादक-कंडक्टर डॅनियल बॅरेनबॉइम आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा. या रचनेची गोष्टच गंमतशीर. दीडशे-दोनशे वर्षं ती हरवलेलीच होती; १९६१ मध्ये प्रागच्या संग्रहालयात तिची प्रत सापडली. म्हणजे जॅकलीनने रेकॉर्ड केली तेव्हा अठराव्या शतकातली ही रचना कानांना जवळपास नवीकोरी होती. त्याच्या दुसऱ्या भागात चेलो शिरतो तो धून घेऊन नाही. व्हायोलिनं धून वाजवत असतात आणि चेलो खाली एकच स्वर लांबवत येतो. आपल्याकडे मैफिलीत षड्ज लागतो आणि सगळं सभागृह सरळ होऊन बसतं, तसं काहीतरी मला झालं. एक बो, टोकापासून टोकापर्यंत, आणि स्वराची जाडी कुठेही कमी-जास्त नाही. शेवटच्या भागात तर ती चक्क हसते आहे. सतरा सीडींमधली माझी सगळ्यात आवडती ही. अंकलनाही आवडली, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही. नुसतं "हं, इथे ठीक वाजवते" म्हणाले आणि पुन्हा लावायला सांगितलं.

त्याच वर्षी १५ जूनला तिने बॅरेनबॉइमशी जेरुसलेमला लग्न केलं, सहा दिवसांचं युद्ध संपून जेमतेम आठवडा होत होता. लग्नाला साक्षीदार ज्यूच हवा होता आणि मित्र हजर होता तो आपला मुंबईचा पारशी, कंडक्टर झुबिन मेहता. मग त्यांचं तेवढ्यापुरतं 'मोशे कोहेन' असं बारसं करण्यात आलं. हेच मेहता १९६९ मध्ये शूबर्टच्या 'ट्राउट' पंचकात डबल बास घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले. पियानोवर बॅरेनबॉइम, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन, व्हायोलावर पिंकस झुकरमन. त्याचं चित्रीकरण आहे, ते या डब्यात नाही. वेगळं शोधून जरूर बघा. वाजवण्याआधी ही मंडळी एकमेकांची वाद्यं हिसकावून जो धिंगाणा घालतात, तो बघून आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगची आठवण होते.

१९६८ मधल्या ब्राह्म्सच्या दोन सोनाटा नवरा-बायकोने वाजवलेल्या. पियानो जड आहे, चेलोला कधी कधी त्याच्यावर चढून बोलावं लागतं, पण झटापट सुरेख. ही सीडी अंकल घेऊन गेले आहेत. शूमनचा कॉन्चेर्टोही त्याच वर्षीचा. या काळात तिच्या हातात होता १७१२ सालचा 'दाविदोव्ह' हा इटालियन कारागीर स्त्रादिव्हारीने बनवलेला चेलो, तिच्या धर्ममातेने भेट दिलेला. तोच पुढे यो-यो मा यांच्याकडे गेला. १९७० मध्ये तिने फिलाडेल्फियाच्या सेर्जिओ पेरेसॉन यांनी बनवलेला अगदी नवा चेलो घेतला आणि शेवटपर्यंत तोच वापरला. लोक याला चंचलपणा म्हणतात. मला वाटतं तिला भरवशाचं, दणकट, सभागृह भरून टाकणारं हत्यार हवं होतं. जुन्या नाजूक वाद्याचे हवामानाप्रमाणे लाड करत बसणं प्रत्येकाला जमत नाही.

१९७० मधल्या एडिनबरा महोत्सवातल्या बीथोव्हेन सोनाटा प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या आहेत, खोकले-बिकले सगळं आहे. मला ते चालतं. बीथोव्हेनच्या त्रयींच्या (पियानो, व्हायोलिन, चेलो) सीडी एका बैठकीत ऐकू नका, जेवणानंतर तर नकोच. शिकागोत वाजवलेला द्व्होरझाकचा कॉन्चेर्टो मोठा, रुंद, थोडा जास्तच रुंद.

आता शेवटची सीडी, तारखेप्रमाणे शेवटची. डिसेंबर १९७१. शोपँची सोनाटा आणि फ्रांकची मूळ व्हायोलिनची सोनाटा चेलोवर. निर्माते सुवी राज ग्रब, मूळचे दक्षिण भारतातले, आधी आकाशवाणीत काम केलेले. जॅकलीन-बॅरेनबॉइम जोडीची बरीच रेकॉर्डिंग त्यांच्या हाताखालून गेली. त्या वर्षी तिने कार्यक्रम थांबवले होते. दमायची, हाताला कळेनासं व्हायचं, लोक म्हणायचे नसा कमजोर झाल्या, मनाचं काहीतरी आहे. आणि मग डिसेंबरमध्ये बरं वाटलं, तेव्हा हे रेकॉर्डिंग झालं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये असंच होतं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच कुरतडते. झटका येतो, ओसरतो, माणूस उभा राहतो, पुन्हा झटका. मधल्या ओसरीच्या काळात घरच्यांना वाटतं, हे नाटक होतं की काय. उकाड्यात त्रास वाढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी अशा पेशंटना दुपारी बोलावतच नाही; घोडबंदर रोडवरून ट्रॅफिकमध्ये तापून आलेला माणूस व्यायाम काय करणार? जॅकलीनच्या निदानाच्या वेळी एमआरआय नव्हता. आजाराचा वेग कमी करणारं पहिलं औषध बाजारात आलं १९९३ मध्ये, ती गेल्यानंतर सहा वर्षांनी. आज तिचं निदान इतकं लांबलं नसतं, आणि 'मनाचं आहे' हे तिला कदाचित इतकी वर्षं ऐकून घ्यावं लागलं नसतं.

त्या फ्रांकमध्ये मी आजार शोधत बसले नाही. पहिल्यांदा ऐकताना मोह झाला, मग सोडून दिला. तिथे एक पूर्ण तयारीची वादक आहे, आवाज आधीपेक्षा गडद, सरकणंही कमी. अंकल या सीडीवर काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसतात तेव्हा ती पसंती समजायची.

फेब्रुवारी १९७३. लंडनला झुबिन मेहतांबरोबर पुन्हा एल्गार. मग न्यूयॉर्कला बर्नस्टाइन यांच्या हाताखाली, झुकरमनबरोबर ब्राह्म्सचा दुहेरी, म्हणजे व्हायोलिन आणि चेलो दोघांसाठीचा कॉन्चेर्टो. चेलोची पेटी उघडणं कठीण झालं होतं. बोचं वजन हाताला कळत नव्हतं; चेलोचा बो असतो ऐंशी ग्रॅमच्या आसपास, आणि त्याचं सगळं शास्त्र त्या ऐंशी ग्रॅमांच्या अंदाजावर चालतं. डाव्या बोटांना तार लागत नव्हती, म्हणून ती डोळ्यांनी बघून बोट ठेवत होती. चार कार्यक्रम ठरले होते, तीन वाजवले. आता एल्गारचा तो दुसरा भाग पुन्हा आठवा, आणि डोळ्यांनी बोटं बघत तीन रात्री भरलेल्या सभागृहात ब्राह्म्स वाजवणं म्हणजे काय, याचा अंदाज करा. निदान झालं ऑक्टोबरमध्ये. आमच्या व्याख्यानात खरं म्हणजे हे सांगायला हवं होतं: संवेदना गेल्यावर नजरेच्या आधाराने हालचाल सांभाळायची, ही युक्ती आम्ही शिकवतो, ती हिने कुणी न शिकवता, तीन रात्री, न्यूयॉर्कच्या मंचावर केली.

डब्यात काय नाही तेही सांगते, कारण नावात 'सगळी रेकॉर्डिंग' असलं तरी ती ईएमआयपुरती. फिलाडेल्फियाला १९७० मध्ये बॅरेनबॉइमबरोबर वाजवलेला प्रत्यक्ष कार्यक्रमातला एल्गार दुसऱ्या कंपनीचा आहे. काहीजणांना तोच जास्त आवडतो. आजारपणानंतर ती शिकवायची, खुर्चीत बसून जाहीर वर्ग घ्यायची. प्रोकोफिएफच्या 'पीटर अँड द वुल्फ'चं निवेदनही तिने केलं. यातलं इथे काही नाही. ईएमआयचा हा खजिना पुढे वॉर्नरकडे गेला आणि त्यांनी याहून मोठा संच काढला, तो मी ऐकलेला नाही. इंटरनेटवर यातलं बरंचसं मिळतं, पण तिथे मूळ रेकॉर्डिंगचं साल आणि नंतरच्या आवृत्तीचं साल यांची सरमिसळ असते, आणि माझ्या दृष्टीने साल हाच इथला खरा माल आहे.

कुणी घेऊ नये? ज्यांना फक्त एल्गार हवा आहे त्यांनी. एक सुटी सीडी घ्या, सोळा सीडींचे पैसे वाचवा. ज्यांना पाश्चात्त्य संगीत झोपताना लावायला हवंय त्यांनीही नको. ही बाई झोपू देत नाही.

वापरलेला संच घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी पाकिटं मोजा, आणि प्रत्येक सीडी बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. तंग पाकिटांमुळे कडेला बारीक गोल ओरखडे असतात, ते वाजतात. मधून बाहेरच्या दिशेने गेलेले सरळ ओरखडे बहुतेक वाजत नाहीत. आणि कुणाला ऐकायला दिलीत तर वहीत नाव लिहून ठेवा. माझी ब्राह्म्स अजून तलावपाळीलाच आहे.